हिपॅटायटिस आणि स्नायूंचा अशक्तपणा एकत्र आला तर: तपासण्या आणि उपचार यांचा क्रम

हिपॅटायटिस बी किंवा सी असलेल्या माणसाचे हातपाय गळायला लागले की घरचे आणि बरेचदा डॉक्टरही एकच निष्कर्ष काढतात: लिव्हरचं दुखणं आहे, अशक्तपणा यायचाच. रक्ताच्या अहवालात एसजीओटी आणि एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीत मोजली जाणारी दोन एन्झाइमं) वाढलेले असतात, त्यामुळे शंकेला जागाही उरत नाही. पण हेच दोन आकडे स्नायू झिजतानाही वाढतात. लिव्हरवर उपचार चालू राहतात आणि माणूस मात्र महिन्यागणिक खुर्चीतून उठायला जास्त धडपडतो. साप समजून भुई धोपटण्याचाच हा प्रकार.

याच्या उलटही घडतं. स्नायूंचा दाह (मायोसायटिस) सापडतो, त्यावर स्टिरॉइड सुरू होतं आणि शरीरात निपचित पडलेला हिपॅटायटिस बी उसळून उठतो. यातून लिव्हर निकामी झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. म्हणून या विषयात कोणती तपासणी करायची यापेक्षा ती कशाच्या आधी करायची, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुढचा क्रम रुग्ण आणि त्याची काळजी घेणाऱ्यांसाठी लिहिला आहे. औषधांचे निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचे, पण कोणता प्रश्न कधी विचारायचा हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे.

थकवा आणि ताकद जाणं यांत फरक करा

हिपॅटायटिस सीमध्ये थकवा फार सामान्य आहे. सगळं करता येतं, पण करवत नाही. स्नायूंचा आजार असलेल्या माणसाचं तसं नसतं. त्याला करायचं असतं, पण ते होत नाही. डॉक्टरांसमोर दोघेही ‘फार अशक्तपणा आहे’ एवढंच सांगतात आणि तिथेच दिशा चुकते.

घरी एक साधी परीक्षा घेता येते. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा आणि वेळ मोजा. १५ सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल, किंवा हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल, तर ती फक्त मरगळ नाही. मग जिना चढून पाहा, केस विंचरताना हात किती वेळ वर राहतो ते पाहा, घट्ट बसलेलं झाकण उघडून पाहा, पाण्याचा घोट विनासायास उतरतो का तेही पाहा.

अशक्तपणा कुठे आहे, यावरून आजाराचा बराच अंदाज बांधता येतो. दोन्ही मांड्या आणि दोन्ही खांदे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सारखेच कमजोर झाले असतील तर पॉलीमायोसायटिसच्या गटातल्या आजारांचा विचार करतात. त्यासोबत पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर, खवलेदार उंचवटे असतील तर तो डर्मॅटोमायोसायटिस असू शकतो. ४५-५० वर्षांनंतर, वर्षानुवर्षं हळूहळू, एका बाजूला जास्त असा अशक्तपणा येत असेल, मूठ वळवताना बोटं पुरती मिटत नसतील आणि गुडघा अचानक दुमडून पडायला होत असेल, तर इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस हे नाव मनात यायला हवं. हिपॅटायटिस सीच्या संदर्भात याच आजाराची सर्वांत जास्त चर्चा होते. त्याकडे पुढे येतो.

मुंग्या, बधिरपणा किंवा पाऊल लोंबकळणं असेल तर दोष बहुधा नसांमध्ये, म्हणजे मज्जातंतूंमध्ये असतो. हिपॅटायटिस सीमुळे रक्तात क्रायोग्लोब्युलिन नावाची प्रथिनं तयार होऊन नसांना इजा होऊ शकते. हिपॅटायटिस ईनंतर काहींना गियाँ-बारे सिंड्रोम (हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) होतो, तर काहींना खांद्यात प्रचंड वेदना होऊन मग दंड लुळा पडतो. हे स्नायूंचे आजार नव्हेत आणि त्यांच्या उपचारांची वाटही वेगळी आहे.

सीपीके: सुरुवात इथून

क्रिएटिन कायनेज, म्हणजे बोलीतलं सीपीके, ही साधी रक्ततपासणी आहे. एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले असताना ती झाली नसेल, तर ‘हे आकडे लिव्हरचे की स्नायूंचे?’ हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. ते वाढायचं कारण सापडत नसेल तर लिव्हरची बायोप्सी करण्याआधी सीपीके झालंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. स्नायूंचा जन्मजात आजार असलेल्या कित्येक लहान मुलांच्या लिव्हरच्या तपासण्या महिनोन्‌महिने चालतात आणि दोष स्नायूंत आहे हे फार उशिरा कळतं.

जीजीटी हे एन्झाइम स्नायूंतून येत नाही. एसजीओटी-एसजीपीटी चढलेले, जीजीटी आणि बिलिरुबिन मात्र जागेवर, असं चित्र असेल तर संशयाची सुई स्नायूंकडे वळते. स्नायूंना नुकतीच इजा झाली असेल तर एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा बरंच जास्त असतं. पुढच्या काही दिवसांत ते लवकर उतरतं, कारण रक्तातलं त्याचं अर्धआयुष्य साधारण १७ तास असतं, तर एसजीपीटीचं सुमारे ४७ तास. त्यामुळे आठवडाभरानंतर घेतलेल्या रक्तात दोन्ही आकडे जवळपास सारखे दिसू शकतात आणि मग ते हिपॅटायटिसचेच वाटतात.

रक्त देण्याआधी चार-पाच दिवस जड व्यायाम किंवा अंगमेहनत टाळा. स्नायूत इंजेक्शन घेतलं असेल, पडून मार लागला असेल किंवा झटका (फिट) येऊन गेला असेल तर तसं सांगा. सुया टोचून स्नायूंतले विद्युत संदेश मोजणारी ईएमजी तपासणी ठरली असेल तर सीपीकेसाठी रक्त तिच्या आधी द्या, कारण सुयांमुळेही आकडा थोडा वाढतो.

अनेक प्रयोगशाळांत सीपीकेची वरची मर्यादा २०० युनिटांच्या आसपास धरतात. धष्टपुष्ट, मेहनती माणसात ती सहज ओलांडली जाते, म्हणून ३०० आकडा पाहून घाबरून जायचं कारण नाही. पॉलीमायोसायटिसच्या गटात आकडा हजारोंत जातो. इन्क्लुजन बॉडी मायोसायटिसमध्ये मात्र तो जेमतेम काही पट वाढतो, कधी वाढतही नाही. त्यामुळे सीपीके नॉर्मल आलं तरी हातांची बोटं मिटत नसतील, तर विषय तिथे संपत नाही.

औषधांची पूर्ण यादी मांडा

आता घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा. गेल्या दोन वर्षांत बंद झालेल्याही लिहा. विषाणूवर खापर फोडण्याआधी विषाणूवरची औषधं तपासायची असतात.

हिपॅटायटिस बीवरच्या दोन औषधांचा इतिहास इथे बोलका आहे. क्लेव्ह्युडिन दक्षिण कोरियात २००६ मध्ये मंजूर झालं, पण दीर्घकाळ घेणाऱ्यांत स्नायू दुबळे पडू लागल्यावर २००९ मध्ये त्याच्या मोठ्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. टेलबिव्ह्युडिन अमेरिकेत २००६ मध्येच मंजूर झालं. त्यानेही सीपीके वाढणं आणि स्नायूंचा आजार हे प्रकार दिसले. दोन्हींमागचं कारण एकच: ही औषधं पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएच्या कामात ढवळाढवळ करतात. आज प्रथम पसंतीच्या एन्टेकॅव्हिर आणि टेनोफोव्हिरमध्ये हा धोका खूपच कमी आहे.

हिपॅटायटिस बीवरची गोळी स्वतःहून बंद करू नका. संशय खरा असला तरीही नाही. गोळी तुटली की विषाणू पुन्हा वाढतो आणि लिव्हरला तीव्र सूज येऊ शकते. डॉक्टर एक औषध थांबवताना दुसरं सुरू करतात. मधे रिकामा काळ राहू देत नाहीत.

इंटरफेरॉनची इंजेक्शनं आता हिपॅटायटिस सीसाठी जवळपास वापरातून गेली आहेत, बीसाठी अजूनही कधीकधी देतात. त्यांनी अंगदुखी तर होतेच, शिवाय प्रतिकारशक्ती भडकून खरोखरीचा मायोसायटिस किंवा थायरॉइडचा आजार उद्भवू शकतो. थायरॉइड मंदावला की सीपीके वाढतं आणि मांड्या जड होतात, म्हणून टीएसएच तपासणी या टप्प्यावरच करून घ्यावी. अशा रुग्णाचं खरं दुखणं थायरॉइडच्या गोळीने बरं होतं.

कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन गोळी वेगळी लिहा. तिच्याने स्नायू दुखतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण हिपॅटायटिस सीवरच्या काही नव्या गोळ्यांसोबत स्टॅटिनची रक्तातली पातळी कित्येक पट वाढते, हे अनेकांना माहीत नसतं. ग्लेकाप्रेव्हिर-पिब्रेन्टास्व्हिर चालू असताना अॅटोरव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन टाळतात. सोफोस्ब्युव्हिर-व्हेल्पाटास्व्हिरबरोबर रोसुव्हास्टॅटिन दिलंच तर कमी मात्रेत देतात. हा मेळ चुकला तर स्नायू अक्षरशः विरघळून त्यांचे घटक मूत्रपिंडात अडकतात. उपचारांच्या त्या ८ किंवा १२ आठवड्यांपुरती स्टॅटिन थांबवता येईल का, हे आपणहून विचारा. बहुतेकांच्या बाबतीत तेवढ्या थांबण्याने काही बिघडत नाही.

याशिवाय कॉल्चिसिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, दारू आणि आधीपासून चालू असलेलं स्टिरॉइड हेही यादीत हवेत.

मग विषाणू दोषी आहे की नाही?

हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला आणि त्यानंतर लगेचच त्याच्यासोबत मायोसायटिस आढळलेल्या रुग्णांच्या नोंदी येऊ लागल्या. एकेका रुग्णाच्या नोंदीवरून फार काही ठरत नाही. जगात हिपॅटायटिस बी आणि सी असलेले कोट्यवधी लोक आहेत, त्यांतल्या काहींना योगायोगाने स्नायूंचा आजार होणारच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तशी गत.

इन्क्लुजन बॉडी मायोसायटिसचा पुरावा मात्र त्याहून वजनदार आहे. २०१६ मध्ये जपानमधून प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात या आजाराच्या रुग्णांपैकी २८ टक्के जणांत हिपॅटायटिस सीच्या प्रतिपिंड (अँटिबॉडी) सापडल्या, तर पॉलीमायोसायटिसच्या रुग्णांत हे प्रमाण ४.५ टक्के होतं. एवढा फरक निव्वळ योगायोगाचा म्हणून सोडून देता येत नाही. तरीही विषाणू स्नायूच्या तंतूंत शिरून त्यांना मारतो, असं चित्र उभं राहत नाही. दीर्घकाळ चाललेल्या संसर्गाने प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी चेतवल्या जातात आणि त्या स्नायूंवर चाल करतात, ही कल्पना जास्त पटण्यासारखी आहे. म्हणूनच विषाणू गेला की स्नायू पूर्ववत होतील, असं वचन कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नका. लिव्हर वाचवण्यासाठी विषाणू घालवायचाच असतो, स्नायू सुधारले तर तो वरचा लाभ.

हिपॅटायटिस बीच्या बाबतीत पॉलीआर्टेरायटिस नोडोसा या आजाराची आठवण ठेवावी. यात मध्यम आकाराच्या धमन्यांना सूज येते. स्नायू भयंकर दुखतात, वजन उतरतं, रक्तदाब चढतो, एखादी नस अचानक निकामी होते, पुरुषांत अंडकोष दुखतात. सीपीके मात्र बरेचदा नॉर्मल असतं. इथे विषाणूचा संबंध पक्का आहे आणि विषाणूविरोधी औषध हाच उपचाराचा गाभा असतो.

स्टिरॉइडच्या पहिल्या गोळीआधी

मायोसायटिसचं निदान दिसू लागलं की उपचाराची घाई होते. तिथेच एक दिवस थांबून हिपॅटायटिस बीची पृष्ठभागाची चाचणी, म्हणजे एचबीएसएजी, हिपॅटायटिस बीच्या गाभ्याविरुद्धच्या एकूण प्रतिपिंड आणि हिपॅटायटिस सीच्या प्रतिपिंड या तिन्ही तपासण्या करून घ्या. पहिली आणि तिसरी सहसा होतेच, मधली मात्र सुटते. नेमकी तीच सांगते की विषाणू पूर्वी येऊन गेला आहे आणि आजही लिव्हरच्या पेशींत दडलेला असू शकतो.

बीची कोणतीही चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुढे विषाणूचा डीएनए मोजतात. सीच्या प्रतिपिंड मिळाल्या तर आरएनए मोजतात, कारण संसर्ग पूर्ण बरा झाल्यावरही प्रतिपिंड सहसा आयुष्यभर राहतात. नुसत्या प्रतिपिंडांवरून ‘तुम्हाला हिपॅटायटिस सी आहे’ असा शिक्का मारणं चूक आहे.

अजून एक खाचखळगा आहे. मायोसायटिसमध्ये शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. ते हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून बनतं, त्यामुळे त्यातल्या प्रतिपिंड काही महिने रुग्णाच्या रक्तात फिरत राहतात. हे इंजेक्शन घेतल्यावर गाभ्याविरुद्धची चाचणी केली तर ती उसन्या प्रतिपिंडांमुळे पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून रक्त आधी, इम्युनोग्लोब्युलिन नंतर.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह असणाऱ्याला रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन चार आठवड्यांहून अधिक काळ द्यायचं असेल, तर विषाणू उसळण्याचा धोका मोठा धरतात आणि एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर आधीच सुरू करतात. रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शनमध्ये हा धोका सर्वांत जास्त असतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये त्यासाठी सर्वांत कडक इशारा जोडला. रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या मात्रेनंतरही विषाणूविरोधी गोळी किमान १२, काही मार्गदर्शक सूचनांनुसार १८ महिने चालू ठेवतात. मायोसायटिस बरा वाटतो, रुग्ण सगळ्याच गोळ्या एकदम सोडतो आणि संकट तेव्हा येतं.

निदान पक्कं करणाऱ्या तपासण्या

मांड्यांच्या एमआरआयमध्ये कोणत्या स्नायूत सूज आहे आणि कुठे चरबी भरली आहे हे दिसतं. बायोप्सीची जागा त्यावरून निवडली तर नमुना वाया जात नाही. ईएमजी एका बाजूला आणि बायोप्सी दुसऱ्या बाजूला करतात, कारण सुया टोचलेल्या जागी दाह दिसू शकतो. मायोसायटिसशी जोडलेल्या प्रतिपिंडांचा संच मागवला तर अँटी-जो-१ फुप्फुसांकडे लक्ष वेधतो, अँटी-एसआरपी आणि अँटी-एचएमजीसीआर स्नायूंच्या झपाट्याने होणाऱ्या नाशाकडे बोट दाखवतात. यांतला शेवटचा स्टॅटिन घेतलेल्यांत विशेष आढळतो आणि त्यात स्टॅटिन बंद करूनही आजार चालूच राहतो. इन्क्लुजन बॉडी मायोसायटिसमध्ये बायोप्सीत कडा असलेल्या पोकळ्या दिसतात.

या शेवटच्या निदानासाठी बायोप्सीचा आग्रह मला योग्य वाटतो, कारण या आजारावर स्टिरॉइड उपयोगी पडत नाही. पॉलीमायोसायटिस समजून वर्षभर स्टिरॉइड दिलं जातं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, विषाणूला मोकळं रान मिळतं आणि ताकद मात्र तसूभरही परत येत नाही.

उपचार आखताना

लिव्हरचे आणि स्नायूंचे डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत. ते बोलत नसतील तर त्यांच्यातला निरोप्या तुम्ही व्हा. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवा.

हिपॅटायटिस सी सक्रिय असेल तर तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक लोकांत विषाणू कायमचा जातो. उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए सापडला नाही तर बरा झाला असं मानतात. मात्र ज्यांना बी आणि सी दोन्ही आहेत, त्यांच्यात सी गेल्यावर बी डोकं वर काढू शकतो. ते आधीच पाहून घ्यायचं असतं.

दाह शमवणाऱ्या औषधांत मेथोट्रेक्सेट लिव्हर आधीच खराब असलेल्यांना सहसा देत नाहीत. अॅझाथायोप्रिनही जपून देतात. मायकोफेनोलेटचा लिव्हरला त्रास कमी, पण तेही प्रतिकारशक्ती दाबतंच. इम्युनोग्लोब्युलिनने विषाणू उसळत नाही, म्हणून बऱ्याच रुग्णांत ते लवकर विचारात घेतात. त्याने रक्त गोठण्याचा धोका थोडा वाढतो, एवढं लक्षात असू द्या.

व्यायाम बंद करू नका. स्नायूंना सूज असताना व्यायाम घातक असतो ही समजूत जुनी झाली आहे. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हलक्या वजनाने सुरुवात केली तर फायदाच होतो, इन्क्लुजन बॉडी मायोसायटिसमध्ये तर हाच मुख्य आधार आहे. सिरोसिस (लिव्हर कायमचं कडक होणं) असेल तर प्रथिनं तोडू नका. दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि झोपण्यापूर्वी थोडं खाल्लं तर रात्रभराच्या उपासात शरीर स्वतःचे स्नायू जाळत नाही. सिरोसिसमध्ये स्नायू मायोसायटिसशिवायही झिजतात आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, त्यात सीपीके नॉर्मल असतं.

स्टिरॉइडवर सुरुवातीला सुधारलेला माणूस पुन्हा मांड्यांत कमजोर होऊ लागला आणि सीपीके नॉर्मल असलं, तर स्टिरॉइडनेच स्नायू झिजत आहेत का हा प्रश्न विचारा. अशा वेळी मात्रा वाढवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणं. तारीख, सीपीके, एसजीपीटी, जीजीटी, विषाणूची मात्रा, स्टिरॉइडची मात्रा आणि पाच वेळा उठा-बसायला लागलेला वेळ असं एका वहीत लिहून ठेवलं तर हा फरक नजरेत येतो.

थांबू नये अशी लक्षणं

लघवी चहाच्या कोऱ्या अर्कासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. काविळीतही लघवी गडद होते, पण त्यात बिलिरुबिन सापडतं. स्नायू विरघळत असतील तर लघवीच्या पट्टीवर रक्त असल्याचं दिसतं, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र लाल पेशी दिसत नाहीत. घास अडकणं, पाणी नाकातून येणं, आडवं झाल्यावर दम लागणं, डोळे पिवळे होणं किंवा बोलण्यात गोंधळ होणं यांतलं काहीही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. गिळणं बिघडलेल्या माणसाला आडवं करून काही भरवू नका, अन्न श्वासनलिकेत जातं.

आणि घरातल्या इतरांची हिपॅटायटिस बीची तपासणी करून घ्या. ज्यांना संसर्ग नाही आणि संरक्षणही नाही, त्यांना लस द्या. सीवर लस नाही, म्हणून रेझर, ब्रश, नेलकटर आणि रक्तातली साखर तपासायची सुई प्रत्येकाची वेगळी ठेवा.